बाळंतिणीच्या खोलीतली जागतिक मंदी

अमेरिकेत एक बँक बुडाली आणि इथे दारव्ह्याला माझ्या लेकीला बाळंतपणासाठी खोली मिळेना. ह्या दोन गोष्टींचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. त्यावर आमच्या ह्यांनी मला बसवून व्याख्यान दिलं, पेपरच्या कोपऱ्यात पेनाने वर जाणारे आणि खाली येणारे बाण काढून दाखवले, आणि शेवटी म्हणाले, "जाऊ दे मंजुषा, तुला नाही कळायचं."

आमचे हे, म्हणजे अनंतराव, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले. कारकून चांगले होते, खोटं कशाला बोलू. कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे ते डोळे मिटून सांगायचे. पण अर्थव्यवस्थेशी त्यांचा संबंध एवढाच, की एक तारखेला पगार माझ्या हातात ठेवायचा आणि चहापुरते पैसे मागून घ्यायचे. रिटायर झाल्यावर तर काही कामच उरलं नाही. पायजमा घालून अंगणात येरझाऱ्या घालायच्या, आणि मी भाजी चिरायला बसले की माझ्या डोक्यावर उभं राहून ती कशी चिरावी ते सांगायचं. मी देवाला म्हणायची, बाप्पा, ह्यांना काहीतरी उद्योग दे. देवाने ऐकलं. दोन हजार आठ साली आम्ही इकडे गणपती शिरवून आलो आणि तिकडे अमेरिकेत बँक बुडाली.

काय सांगू तुम्हाला, माणूस उजळून निघाला हो! टाय घातलेली पोरं दिवसभर ओरडतात ते चॅनल आमच्या घरात सकाळपासून सुरू. माझ्या मालिका बंद. दाढी रोज व्हायला लागली. संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हे बसस्टँडजवळच्या चहाटपरीवर जायचे आणि तिथे जगाचं भविष्य सांगायचे. लोकांनी त्यांचं नावच पाडलं, मंदीकाका. ह्यांना वाटलं, पदवी मिळाली.

आता टपरीवरचे लोक तरी काहून ऐकत होते? तर ती वर्षंच तशी होती. कापसाचं नाव काढलं की माणूस एकतर गप्प व्हायचा, नाहीतर शिव्या द्यायचा. अशात एखादा गृहस्थ चष्मा पुसत म्हणाला की, "पुढच्या सहामाहीत चित्र बदलेल," तर त्याला चहा कोण पाजणार नाही? सहामाही कुठली, हे मात्र हे कधी सांगायचे नाहीत. गॅसचं सिलिंडर उशिरा आलं तर कच्च्या तेलामुळे. दूधवाल्याने पाणी घातलं तर मागणी घटल्यामुळे. एकदा माझं वरण करपलं, तर म्हणाले, "सगळीकडेच अति उष्णता झाली होती, आता थंड होऊन राहिलंय." मी पळी उचलली तेव्हा कुठे चीन आणि अमेरिका सोडून स्वयंपाकघरातून बाहेर गेले.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. ओरडू देत बापडे. पण आमचं वडिलोपार्जित चार पट्ट्यांचं शेत आहे, बंजाऱ्यांच्या तांड्याला लागून. ते नेमसिंग राठोड बटईने करतो. पिकेल ते अर्धं त्याचं, अर्धं आमचं. दरवर्षी कापूस वेचून झाला की तो सगळा विकून येतो आणि आमचा वाटा आणून देतो. ह्या वर्षी ह्यांनी फर्मान काढलं. विकायचा नाही! जग तळाला गेलेलं असताना विकतो तो मूर्ख. त्यात सरकारने भाव वाढवून दिला होता, खरेदी सुरू होती, अख्खं दारव्हा बैलबंड्या घेऊन रांगेत उभं होतं. ते सगळे मूर्ख. शहाणे तेवढे आमचे हे. अर्धा कापूस नेमसिंगने आपल्या घरात भरला आणि आमचा अर्धा आणून आमच्या मागच्या खोलीत ओतला. पार खिडकीच्या वरपर्यंत.

घरात कापूस ठेवला की काय होतं, ते पुण्यामुंबईच्या माणसाला सांगून समजायचं नाही. त्यातले बारीक किडे अंगावर चढतात आणि मग माणूस खाजवत सुटतो. मानेवर पुरळ, हातावर पुरळ, पाठीवर जिथे हात पोचत नाही नेमकं तिथे. मी रात्रंदिवस खाजवत होते. नेमसिंगची बायको रुपीबाई बाजारात भेटली, तर तीही खाजवत होती. दोघी भाजीवालीसमोर उभ्या राहून बोलण्याऐवजी खाजवतच राहिलो. "बाई, हा कापूस घरातून कधी निंगते वं?" ती म्हणाली. "आमच्या घरात निजाले जागा नाही राह्यली." मी काय सांगणार, कप्पाळ?

आणि हे सगळं मी सोसलंही असतं. पण आमची केतकी पहिलटकरीण. पुण्याला असते, जावई साकेतराव तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत. संक्रांत झाली की, सातवा संपायच्या आत, तिला माहेरी आणायचं ठरलेलं. घरात खोल्या तीन. पुढच्या खोलीत टीव्ही आणि टीव्हीतली टायवाली पोरं. मधे स्वयंपाकघर. मागची खोली म्हणजेच बाळंतिणीची खोली. ह्यांची आई तिथेच बाळंत झाली, मीही तिथेच झाले. तिथे आता कापूस, कापसात किडे, आणि हवेत ती बारीक तुसं, की दार उघडलं तरी ठसका लागतो. त्यात मी उद्या जन्मलेलं लेकरू निजवू?

मी ह्यांना सांगितलं. सरळ सांगितलं, वाकड्यात सांगितलं, रडून सांगितलं. म्हणाले, "अगं, मार्चपर्यंत थांब. भाव दुप्पट होतो की नाही बघ." मी म्हटलं, "मग केतकीला सांगा, जग सुधारेपर्यंत तू बाळंत होऊ नकोस." तर हा मनुष्य विचारात पडला! म्हणाला, "पुढच्या खोलीत पडदा लावला तर?" म्हणजे पडद्याच्या अलीकडे बाळाला शेक द्यायचा आणि पलीकडे लंडनचा बाजार उघडायचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिकडून केतकीचा दोन दिवसांआड फोन. "आई, खोली झाली का गं?" मी म्हणायची, होतेय बेटा. "नक्की होईल ना? कधीपर्यंत?" एवढं काय विचारायचं, असं मला वाटायचं. पहिलं बाळंतपण, घाबरली असेल पोर. मी खोटं बोलायची आणि फोन ठेवून पाठ खाजवायची.

नेमसिंगही फोन करायचा. ह्यांना. माझ्यासमोर बोलणं व्हायचं. हे टीव्हीवरचं इंग्रजी ऐकून ते पेपरातल्या मराठीत सांगायचे, आणि त्यांचा सगळ्यात आवडता शब्द म्हणजे उभारी. अर्थव्यवस्थेला उभारी, बाजाराला उभारी. फोनवर ओरडायचे, "नाही नाही, नेमसिंग, अजून उभारी आली नाही. उभारी येऊ दे. ती आली की मग एक दिवस थांबायचं नाही, सरळ खरेदीच्या काट्यावर न्यायचा!" तिकडून नेमसिंगचा आवाज मला इथवर ऐकू यायचा, "हो साहेब. मी बी तेचीच वाट पाहून राह्यलो." फोन ठेवून हे माझ्याकडे बघायचे. "ऐकलंस? तांड्यावरच्या माणसाला समजतं. तोसुद्धा बाजाराकडे लक्ष ठेवून आहे. आणि तू, बीए पास!"

संक्रांत झाली. केतकीचं यायचं तिकीट निघालं. खोली जशीच्या तशी. मी हात टेकले होते. अशात ह्यांना यवतमाळहून बोलावणं आलं. ज्येष्ठ नागरिकांच्या कुठल्याशा मंडळात भाषण. विषय काय, तर 'जागतिक अर्थव्यवस्था: उभारी केव्हा?' सकाळच्या एसटीने गेले. जाताना मला म्हणाले, "संध्याकाळी येतो. शाल देणार आहेत." जसं काही मी शालीची वाट बघत बसले होते.

हे गेले आणि थोड्या वेळाने दारात बंडी उभी राहिली. नेमसिंग आणि रुपीबाई. नेमसिंगचा चेहरा असा फुललेला की मला वाटलं ह्याच्याच घरी कुणी जन्माला आलं.

"बाई, साहेब हायेत का?"

"यवतमाळला गेले. भाषण आहे. काहून?"

"उभारी आली ना!"

मी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिले. म्हटलं, झालं, आता हाही ते चॅनल पाहायला लागला. "कुठे आली?" मी विचारलं.

"हे काय!" म्हणून त्याने बंडीवर थाप मारली.

पाहते तर बंडीच्या दोन्ही अंगांना कोरे करकरीत उभे दांडे, त्यांना तट्ट्या बांधलेल्या. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कापूस भरताना तो सांडू नये म्हणून बंडीला जे दांडे लावतात, त्यांना आमच्याकडे उभारीच म्हणतात. नेमसिंगच्या जुन्या उभाऱ्या वाळवीने खाल्लेल्या, आमचा कापूस आणून टाकला त्याच खेपेत मोडल्या. नवीन करायला त्याने दारव्ह्याच्या सुताराकडे टाकल्या होत्या, आणि तो सुतार आज देतो, उद्या देतो करत होता.

"मी साहेबाले फोन केला का साहेब म्हणे, उभारी येऊ दे," नेमसिंग सांगत होता. "म्या म्हटलं, साहेबाचं बराबर हाय. बिना उभारीची बंडी नेली, तं अर्धा कापूस रस्त्यानंच सांडंन. साहेब रोज सुताराच्या दुकानावरूनच जाते, इचारत असंन त्याले. काल आली एकदाची. मंग म्या सुताराले बी सांगतलं, अबे, आमचे साहेब तुह्या पायी दोन महिने अडकून पडले!"

हे देवा! हसू का रडू? दोन महिने हा माणूस जगाची वाट पाहत होता आणि तो सुताराची, आणि दोघंही एकमेकांना हो हो म्हणत होते. क्षणभर माझ्या जिभेवर आलं की नेमसिंगभाऊ, साहेबांची उभारी वेगळी आहे. माझं लक्ष रुपीबाईकडे गेलं. ती बंडीला टेकून मनगट खाजवत होती. तिला बघून मलाही खाज सुटली.

मी विचारलं, "नेमसिंगभाऊ, उभारी आल्यावर काय करायचं सांगितलं होतं साहेबांनी?"

"एक दिवस थांबू नोको म्हणे. सरका काट्यावर ने."

"मग थांबलात कशाला?"

बाई गं, तो कापूस आम्ही तिघांनी उपसला! तोंडाला पदर बांधून मी स्वतः दारापर्यंत गाठोडी ओढली. रुपीबाई बंडीत चढून तुडवत होती आणि "याडी, याडी" करत होती, त्यांच्या बोलीत आई गं, आई गं. बंडीने दोन खेपा केल्या, तिसऱ्या खेपेला, आपला माल देऊन मोकळी झालेली, नेमसिंगच्या भावाची बंडी तांड्यावरून आली. दुपारपर्यंत खोलीची फरशी दिसली. ती फरशी बघून मला रडू फुटलं, लाज कशाची सांगायला.

संध्याकाळी हे आले. खांद्यावर शाल, हातात नारळ, चेहऱ्यावर तेज. मागच्या खोलीचं दार उघडं पाहिलं आणि नारळ तसाच हातात धरून उभे राहिले.

"कापूस कुठाय?"

"काट्यावर. उभारी आली."

मी सगळं सांगितलं. माणसाचे रंग कसे बदलतात ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं. आधी लाल, मग पांढरा, मग पुन्हा लाल. "मूर्ख! अडाणी! सगळे माझ्याच वाट्याला!" मग एकदम आठवलं, की खरेदीला रांग असते. "काटा झाला का?" मी म्हटलं, "नाही. कापूस आवारात उतरवून नेमसिंग रांगेत बसलाय, उद्या लागेल नंबर." ह्यांनी लगेच चपला घातल्या. "परत आणतो. आत्ताच्या आत्ता परत आणतो."

मी दारात आडवी झाले नाही. ओरडलेही नाही. मी फोन उचलला, केतकीचा नंबर लावला आणि रिसीव्हर ह्यांच्या हातात दिला. म्हटलं, "जा, आणा परत. फक्त आधी तिला सांगा, की येऊ नकोस. मी नाही सांगणार. जग तुमचं आहे, तुम्हीच सांगा."

ह्यांनी 'हॅलो' म्हटलं, तसा पलीकडून पोरीचा आवाज आला. "बाबा? बाबा, खोली झाली का?" ह्यांच्या एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या हातात अजून तो नारळ. "रिकामी झाली ना बाबा? पूर्ण? सामान मावेल ना?"

हे त्या रिकाम्या खोलीकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "झाली, बेटा. पूर्ण रिकामी झाली. ये तू." फोन ठेवला, चपला काढल्या आणि माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मला एवढी शांतता लग्नानंतर पहिल्यांदा मिळाली.

दुसऱ्या दिवशी काटा झाला, आमचाही आणि नेमसिंगच्या वाट्याचाही. आणि गंमत बघा. त्यानंतर थोड्याच दिवसांत जिनिंगच्या कारखान्यात जागा नाही म्हणून खरेदी बंद पडली. बंड्या रांगेत, माणसं रांगेत, व्यापाऱ्याने मागितला तर पडत्या भावाने. टपरीवर बातमी पोचली, की मंदीकाकांनी आपला कापूस आधीच काढला होता. मग काय विचारता! हे कॉलर ताठ करून सांगायला लागले, "बाजारातून वेळेवर बाहेर पडणं, हेच तर शास्त्र आहे." कुणी विचारलं, काका, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे, "अभ्यास." नेमसिंग तिथेच चहा पीत होता. तो बिचारा मान डोलावून म्हणाला, "साहेब रोज इचारत जात." मी हे ऐकलं तेव्हा पोळपाट-लाटणं बाजूला ठेवून हसले.

मी खोली धुतली, पुन्हा धुतली, कडुलिंबाची धुरी दिली, भिंतींना चुना मारून घेतला. बाज नव्याने विणून घेतली. आणि ठरल्या दिवशी सकाळी पुण्याची ट्रॅव्हल्स आली.

ऑटोतून आधी केतकी उतरली. मग साकेतराव. मग बॅगा. दोन, चार, त्या संपेचनात. मग दुसरा ऑटो आला. त्यातून कॉम्प्युटरचं खोकं, गादीची वळकटी, कुकर, मिक्सर. मी म्हटलं, "अगं, बाळंतपणाला आलीस का संसार थाटायला? मिक्सर कशाला आणलास, आमच्याकडे काय पाट्यावर वाटतो?" माझं आपलं नेहमीचं बोलणं. कुणी हसलं नाही. साकेतराव वाकून बॅगा आत नेत राहिले.

केतकी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. पाण्याचा पेला हातात घेतला आणि तसाच धरून म्हणाली, "आई, साकेतची नोकरी गेली. नोव्हेंबरातच. अमेरिकेतल्या बँकेचं काम करायची त्याची कंपनी. सगळ्या टीमला काढलं. आम्ही फ्लॅट सोडलाय." म्हणजे ती जे खोलीचं विचारत होती, ते एकट्या बाळासाठी नव्हतं. तिला डोक्यावर छप्पर आहे की नाही, ते ती विचारत होती. आणि मी इकडे म्हणत होते, होतेय बेटा, होतेय. मी तिला जवळ घेतलं. तिचं पोट आमच्या दोघींच्या मधे आलं.

दुपारी जेवायला बसलो. ह्यांना मी आत बोलावून दोन वाक्यांत सांगितलं होतं. मला वाटलं, आता सुरू होणार. इतके महिने टपरीवर, यवतमाळात, दूधवाल्यापुढे सांगितलं, आता तर खुद्द मंदीतून आलेला माणूस समोर बसलाय, तोही घरचा, उठून जाणार कुठे? पण हे खाली मान घालून वरणभात कालवत होते. कालवला होता तोच परत कालवत होते.

साकेतरावच बोलले. टीव्हीवर तीच पोरं ओरडत होती, तिकडे बघून म्हणाले, "बाबा, केतकी सांगत असते, तुमचा ह्याचा खूप अभ्यास आहे. तुम्हाला काय वाटतं? कधीपर्यंत सुधारेल?"

टोमणा नव्हता. पोरगा खरंच विचारत होता. परीक्षेचा निकाल विचारावा तसा. ह्यांनी मान वर केली, चष्मा काढला, पुसला. मी मनात म्हटलं, बोला. आज तरी बोला काहीतरी. खोटं बोला. पुढच्या सहामाहीत म्हणा, मार्चमध्ये म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा, पण त्या पोराला काहीतरी सांगा.

"मला नाही रे माहीत," हे म्हणाले.

मग उठले, टीव्ही बंद केला, आणि परत येऊन पोळ्यांच्या डब्यातली एक पोळी काढून साकेतरावांच्या ताटात वाढली. आमच्या एवढ्या संसारात ह्यांनी कुणाला वाढलेलं मी पाहिलं नव्हतं. पोळी सकाळची होती, गार, आणि तूप लावायचंही ह्यांच्या लक्षात आलं नाही. एरवी मी तिथल्या तिथे ओरडले असते. त्या दिवशी तुपाची वाटी नुसती ह्यांच्या हाताशी सरकवली.